चेरीची अढी लावू नका

पहिल्यांदा चेरीची अख्खी एक किलोची पेटी घरी आणली, तेव्हा मी तिच्याशी आंब्यासारखी वागले. काही फळं गडद होती, काही अजून गुलाबीसर. म्हटलं, दोन दिवस कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवू, होतील लाल. मे महिना, पुण्यातला उन्हाळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात चिलटं घोंगावायला लागली. गुलाबी चेऱ्या गुलाबीच राहिल्या होत्या, फक्त मऊ पडल्या होत्या. मग घाबरून सगळ्या खळखळून धुतल्या, देठ काढून टाकले, स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा फ्रीजमध्ये ढकलला. तीन दिवसांनी उघडला तर आत कापूस पिंजून ठेवल्यासारखी बुरशी. एका पेटीत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी करून दाखवल्या होत्या.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं शिकत गेले. ज्यांच्या घरात चेरी नव्याने यायला लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

आंबा, केळी, चिकू, पपई ही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. म्हणून आपण अढी लावतो, चिकू तांदळात पुरतो. चेरी त्या घरातली नाही. ती द्राक्ष, संत्रं, स्ट्रॉबेरी यांच्या पंगतीतली. तोडली त्या क्षणी तिच्यात जेवढी साखर होती तेवढीच. घरी आणून चार दिवस ठेवली तरी ती गोड होणार नाही, उलट रोज थोडी उतरत जाईल. तोडलेलं फळही श्वास घेतच असतं आणि त्यासाठी स्वतःचीच साखर आणि आंबटपणा खर्च करत असतं. जितकी उष्णता जास्त तितका हा खर्च भरभर. शिवाय देठातून आणि सालीतून पाणी उडत राहतं ते वेगळंच.

म्हणजे चेरी टिकवायची तर तिला गारवा हवा, बाहेरून ओल नको आणि मार नको. पुढचं सगळं याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

आपला घोटाळा बहुधा बेकरीमुळे होतो. आपल्यातल्या अनेकांची चेरीशी पहिली ओळख केकवरच्या लालभडक गोळीने झाली. ती बरणीतली ‘चेरी’ पुष्कळदा चेरी नसतेच. बी काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवलेली आपली करवंदं असतात ती. साखरेच्या त्या पाकात बुरशीचं फारसं चालत नाही, म्हणून बरणी महिनोन्‌महिने टिकते आणि चेरी हे दणकट फळ असावं असा आपला समज होतो. ताजी चेरी मात्र भारी नाजूक.

विकत घेताना

भारतात पिकणारी बहुतेक चेरी काश्मीरची. श्रीनगरच्या आसपास, गांदरबल, शोपियां, तंगमर्ग या भागांतल्या बागांमधून साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ती येते. मिश्री, मखमली, डबल ही तिथल्या जातींची नावं फळवाल्यांच्या तोंडीही ऐकू येतात. हिमाचलातली चेरी शिमला जिल्ह्याच्या वरच्या भागातून, नारकंडा-कोटगढकडून येते. डिसेंबर-जानेवारीत मोठ्या दुकानांत मिळणारी जाड, काळपट लाल चेरी बहुधा चिलीची, कारण तिकडे तेव्हा उन्हाळा असतो.

श्रीनगर ते पुणे हे अंतर रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या वर. 2025 च्या जूनमध्ये कटऱ्याहून मुंबईला रेल्वेच्या पार्सल डब्यातून चेरी आली आणि त्याची बातमी झाली, ती याचसाठी: या फळाच्या बाबतीत वाटेतला एक दिवस वाचला तरी फरक पडतो. तेव्हा तुमच्या हातात पेटी येते तेव्हा तिच्या आयुष्यातले काही दिवस आधीच सरलेले असतात, हे गृहीत धरा. ‘फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते’ हे वाक्य बागेतून नुकत्याच आलेल्या फळासाठी खरं आहे. दुपारभर हातगाडीवर तापलेल्या फळासाठी नाही.

ताजेपणा ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे देठ. देठ हिरवा, लवचीक असेल तर फळ अलीकडे तोडलेलं. देठ तपकिरी, काडीसारखा कडक झालेला असेल तर फळ जुनं, किंवा वाटेत तापलेलं. रंगावर मात्र फार जाऊ नका. रंग जातीवर ठरतो. काही जाती पूर्ण पिकल्या तरी पिवळ्या-गुलाबीच असतात. एकाच जातीची पेटी असेल तर त्यातली गडद फळं जास्त गोड, एवढंच. साल चकचकीत आणि ताणलेली हवी, फळ बोटात धरल्यावर टणक लागायला हवं.

पेटी असेल तर वरची ओळ बघून भुलू नका. वरची ओळ सजवलेलीच असते. पेटी हळूच उचलून तळाचा पुठ्ठा बघा. तिथे लाल-काळे ओले डाग असतील तर खाली फळं पिचकली आहेत. प्लॅस्टिकची डबी असेल तर ती उलटी करून तळ बघा. आतून वाफ धरलेली असेल तर ती घेऊ नका.

एकदा मंडईत मी चेऱ्या दाबून बघायला लागले तर फळवाला म्हणाला, “ताई, पोटाला नका धरू, देठाला धरा.” तो चिडून बोलला खरा, पण त्याचं बरोबर होतं. बोटाने दाबलेली जागा तेव्हा दिसत नाही. एक-दोन दिवसांनी तिथे खळगा पडतो आणि मग आपण म्हणतो, फ्रीजमध्ये खराब झाली.

नव्याने घेत असाल तर पाव किलो घ्या. पेटी स्वस्त पडते, पण अर्धी फेकली तर महागच. आणि बाजारातली बाकीची कामं आधी उरकून चेरी सगळ्यात शेवटी घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासभर राहिलेल्या चेरीला घरचा फ्रीज फारसं काही देऊ शकत नाही.

घरी आल्यावर, चप्पल काढून लगेच

मोठं ताट किंवा परात घ्या, त्यात चेऱ्या ओता. ओता म्हणजे आपटू नका, पेटी कलती करून सोडा. एकावर एक ढीग न करता पसरा आणि निवडायला बसा. तांदूळ निवडायची सवय असलेल्या हातांना हे पाच मिनिटांचं काम आहे.

देठासकट टणक फळं एका बाजूला, ही ठेवायची. देठ निघालेली, थोडी मऊ किंवा चीर गेलेली पण स्वच्छ वासाची दुसऱ्या बाजूला, ही आज संपवायची. देठ निघतो तिथे फळाला उघडी जखम राहते. रस तिथूनच झिरपतो आणि बुरशीही तिथूनच शिरते, म्हणून बिनदेठाची चेरी कितीही देखणी असली तरी तिला उद्यावर ढकलू नका. आणि ज्यांना बुरशी आहे, ज्यांतून पाणी सुटलंय, त्या थेट कचऱ्यात.

आता महत्त्वाचं: धुवू नका. भाजी आणली की धुऊन, निथळून ठेवायची ही आपली चांगली सवय इथे आडवी येते. चेरीची साल पाणी आत ओढून घेते. काढणीच्या तोंडावर पाऊस पडला की झाडावरच्या चेऱ्या फुगून तडकतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तर पाऊस थांबल्यावर झाडांवरचं पाणी उडवायला बागायतदार हेलिकॉप्टर भाड्याने आणतात. त्यांच्या पंख्यांचा वारा झाडांवर मारतात! आपण नळाखाली चेरी धुऊन ओलीच डब्यात भरतो तेव्हा तोच पाऊस घरात पाडतो. वर देठाच्या खळग्यात पाण्याचा थेंब अडकून राहतो, तो बुरशीला आमंत्रण देतो. चेऱ्या ओल्याच आल्या असतील तर सुती पंचावर पसरून पंख्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मगच डब्यात भरा.

देठही तसेच राहू द्या. खाताना ओढून काढायचे.

डबा कसा आणि फ्रीजमध्ये कुठे

पसरट डबा हवा, उभा नको. उंच डब्यात खालच्या चेऱ्या वरच्यांच्या वजनाने चेपतात. तळाला टिश्यू पेपर किंवा जुनं, धुतलेलं मऊ सुती फडकं घाला. त्यावर चेऱ्यांचे दोन थर, फार तर तीन. वरून आणखी एक कागद. झाकण ठेवायचं, पण घट्ट दाबायचं नाही, एका बाजूने जराशी फट राहू द्यायची. भोकांची प्लॅस्टिकची डबी मिळाली असेल तर तीच उत्तम, तिच्यात फक्त कागद घाला.

हे अर्धवट झाकण विचित्र वाटेल. पण उघड्या डब्यातल्या चेऱ्या फ्रीजच्या कोरड्या हवेने सुरकुततात. विशेषतः नो-फ्रॉस्ट फ्रीजमध्ये. घट्ट बंद डब्यात त्यांचीच ओल झाकणाला घाम होऊन जमते आणि परत त्यांच्यावर ठिबकते. शिवाय चेरी आजूबाजूचे वास पटकन धरते. चिरलेला कांदा, सुकट किंवा हिंगाचं लोणचं यांच्या शेजारी तिला ठेवू नका.

फ्रीजमध्ये जागा निवडायची ती गार आणि स्थिर. दरवाजा नको, तिथे दर खेपेला गरम हवा लागते. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवा, पण मागच्या भिंतीला टेकवून नको, तिथे फळ गोठू शकतं. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली जो चिलर ट्रे असतो तो चेरीसाठी फार छान. आमच्याकडे तिथे एरवी दुधाच्या पिशव्या असतात, पण चेरीच्या दिवसांत दूध खाली उतरतं. भाजीचा ड्रॉवरही चालतो, मात्र वर दुधी नि कोबी रचणार नसाल तर.

चेरीला मनापासून आवडतं ते शून्य अंशाच्या आसपासचं तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता. शीतगृहात असं ठेवलं तर ती दोन-तीन आठवडे निघते. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो, तिथे चांगल्या फळाचे पाच ते सात दिवस धरा. अगदी ताजी, टणक फळं दहा दिवसही निघतात, पण त्यावर पैज लावू नका. बाहेर ओट्यावर, आपल्या उन्हाळ्यात, आजच्या आज संपवा.

खायला काढताना पूर्ण डबा टेबलावर आणू नका. जूनच्या मुंबईत गार फळ बाहेर काढलं की मिनिटाभरात त्याला घाम फुटतो, आणि तो ओला डबा परत फ्रीजमध्ये गेला की सगळी मेहनत वाया. वाटीभर काढा, डबा परत ठेवा. मग वाटीतल्या चेऱ्या रोळीत घेऊन वाहत्या गार पाण्याखाली धुवा. पाण्यात भिजत घालायची गरज नाही. साबण तर नकोच.

एक दिवसाआड डबा उघडून नजर टाकायची आणि कागद ओला झाला असेल तर बदलायचा. एका नासक्या आंब्याने अढी नासते ही म्हण चेरीला शब्दशः लागू आहे. बुरशी एका फळावरून टेकलेल्या दुसऱ्या फळावर सरकते.

नासली की नुसती म्हातारी झाली?

नवशिके इथे दोन्हीकडे चुकतात. खाण्यासारखी फळं टाकतात आणि टाकण्यासारखी खातात.

आधी दिसायला वाईट पण खायला चांगल्या चेऱ्या. दोन फळं एकमेकांना चिकटून जुळी झालेली असतात, ती बिनधास्त खा. मागच्या उन्हाळ्यात झाडावर कळ्या आतल्या आत घडत असताना कडक ऊन पडलं की असं होतं. सालीवर सुकलेला तपकिरी ओरखडा, फांदीला घासून झालेला, तोही निरुपद्रवी. लहान खळगे हे हाताळणीचे व्रण. तिथला गर पांढरा-लाल आणि टणक असेल तर हरकत नाही. देठ वाळलाय, देठाजवळ साल किंचित सुरकुतलीये, चकाकी गेलीये, तर फळ म्हातारं झालंय, नासलेलं नाही. चव मंद लागेल. ते त्याच दिवशी खा किंवा शिजवा.

आता टाकायच्या. बुरशी डोळ्यांना दिसते, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. देठाचा खळगा आणि चीर गेलेली जागा, सुरुवात तिथेच होते. राखाडी, मऊ लव आली असेल तर ती राखाडी बुरशी. ही फ्रीजच्या गारव्यातही वाढते, फक्त सावकाश, म्हणून ‘फ्रीजमध्येच तर होती’ हा बचाव चालत नाही. तपकिरी, मऊ गोल डाग आणि त्यावर पिवळट-राखाडी ठिपक्यांचे पुंजके असतील तर ती तपकिरी सड. निळसर-हिरवी पूड दिसली तर निळी बुरशी. नावं लक्षात नाही राहिली तरी चालतील, तिन्हींचा निकाल एकच.

बुरशीचा भाग कापून उरलेलं खायचं नाही. कडक चीजच्या तुकड्याला लोक तसं करतात, पण चेरी मऊ आणि रसाळ. वर दिसतो त्याहून किती तरी आत बुरशीचे तंतू गेलेले असतात. निळ्या बुरशीच्या काही जाती विषारी द्रव्य सोडतात आणि ते शिजवल्याने जातंच असं नाही. म्हणून ‘जॅम करून टाकू’ हा काटकसरीचा विचार इथे सोडून द्या. मुळात नासलेल्या फळाचा चांगला जॅम होत नाही.

डब्यात एक बुरशीची चेरी सापडली म्हणून सगळा डबा ओतून द्यायचीही गरज नाही. ती आणि तिला टेकलेल्या शेजारणी काढून टाका. बाकीच्या एकेक करून बघा. ज्या टणक आणि स्वच्छ आहेत त्या धुऊन त्याच दिवशी संपवा. डबा साबणाने धुवा, कागद फेका. निम्म्याहून जास्त फळांवर काही ना काही दिसत असेल तर मात्र निवडत बसू नका.

बोटांना काय लागतं तेही बघा. मऊ असणं आणि बुळबुळीत असणं यात फरक आहे. मऊ चेरी दाबल्यावर दबते, बुळबुळीत चेरीची साल गरावरून सरकते आणि बोट चिकट होतं. ती गेली. डब्याच्या तळाला रस साचला असेल तर तो कुठल्या फळातून आला ते शोधा.

मग नाक. चांगल्या चेरीला जवळजवळ वासच नसतो. डबा उघडल्याबरोबर ताडीसारखा, आंबूस, दारूच्या वळणाचा वास आला तर यीस्टने काम सुरू केलं आहे. चिलटं हा वास आपल्या आधी ओळखतात. कुबट, ओल्या भिंतीसारखा वास असेल तर कुठे तरी बुरशी आहे, दिसो न दिसो.

जिभेला सगळ्यात शेवटी विचारायचं, आणि तेही बाकी सगळं ठीक असेल तरच. खाताना जिभेला चुरचुरलं, आंबलेल्या उसाच्या रसासारखं लागलं, तर थुंकून टाका. शंका आलेली चेरी चाखून खात्री करण्यात शहाणपण नाही.

कधी कधी बाहेरून सगळं छान आणि आत गडबड. म्हणून मुलांना देण्याआधी मी दोन-चार चेऱ्या अर्ध्या करून बघते. बीभोवतीचा गर तपकिरी, पाणचट झाला असेल तर ती पेटी बहुधा जास्त दिवसांची. बीजवळ बारीक पांढरी अळी असू शकते. बाहेरून तिची खूण म्हणजे एखादं टाचणीएवढं छिद्र किंवा दबलेला मऊ ठिपका. अळीने विषबाधा होत नाही, पण मन उडतं. संशय असेल तर खायच्या आधी मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. अळ्या असल्या तर बाहेर येतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच खा, त्या परत साठवू नका.

बी काढलेली किंवा चिरलेली चेरी हे वेगळं प्रकरण. ती झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही. आपल्या उन्हाळ्यात कापलेलं फळ बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. वाढदिवसाच्या टेबलावर दुपारभर राहिलेला फ्रूट सॅलडचा वाडगा रात्री पुन्हा फ्रीजमध्ये सारू नका.

पेटी संपत नाही असं दिसलं तर

चौथ्या दिवशी ठरवा, सातव्या दिवशी नाही. गोठवायची ती चांगली चेरी, मरायला टेकलेली नव्हे. धुवा, पंचावर पूर्ण कोरड्या करा, देठ आणि बी काढा. बी काढायला खास यंत्र लागत नाही. रिकाम्या काचेच्या बाटलीच्या तोंडावर चेरी ठेवायची आणि देठाच्या जागेतून स्टीलची स्ट्रॉ खाली दाबायची, बी बाटलीत पडते. जुने कपडे घाला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. हा रस कोकमासारखाच, कपड्यावरून सहजासहजी जात नाही.

मग ताटलीत सुट्या सुट्या पसरून ताटली फ्रीजरमध्ये ठेवायची. चार-पाच तासांत कडक झाल्या की हवा काढलेल्या पिशवीत भरायच्या आणि पिशवीवर तारीख लिहायची. उणे 18 अंशांचा फ्रीजर असेल तर आठ-दहा महिने सहज राहतात. बाहेर काढल्यावर मात्र त्या पूर्वीसारख्या टणक राहत नाहीत, लगदा होतात. म्हणून त्या वाटीत घालून खायच्या नाहीत, मिल्कशेक, श्रीखंड किंवा केकमध्ये घालायच्या. पूर्ण वितळायची वाट न पाहता अर्धवट गोठलेल्याच घाला, म्हणजे रस वाया जात नाही.

मिक्सरमध्ये टाकण्याआधी बिया मोजा, खरंच मोजा. पन्नास चेऱ्या तर पन्नास बिया. चेरीच्या बीच्या आत असलेलं द्रव्य बी दळली गेली की सायनाइड सोडतं. चुकून एखादी अख्खी बी गिळली तर ती तशीच बाहेर पडते, तिने घाबरायचं कारण नाही. चावलेली किंवा दळलेली मात्र नको. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना चेरी नेहमी बी काढून, चार फोडी करून द्या. त्या वयात धोका पोटाला नसतो, घशाला असतो.